आठ-नऊ-शून्य म्हणजे नऊ-दहा-अकरा

टर्बो सी++ मध्ये आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये माउसचा बाण आपोआप येत नसे. तो मागावा लागे. एएक्स रजिस्टरमध्ये ० टाकून इंटरप्ट ३३ मारायचा (हे सोळाच्या पायावरचं ३३, आपल्या मोजणीतलं ५१), की ड्रायव्हर बसवलाय की नाही ते कळे. मग १ टाकून पुन्हा तोच इंटरप्ट, की बाण दिसे. ३ टाकला की बीएक्समध्ये कोणतं बटण दाबलंय ते मिळे, सीएक्समध्ये आडवी जागा आणि डीएक्समध्ये उभी. अक्षरांच्या पडद्यावर ही जागा आठच्या पटीत यायची, कारण ऐंशी रकाने आणि पंचवीस ओळींचा पडदा ड्रायव्हर मनातल्या मनात ६४० बाय २०० चा धरून चालायचा. आठने भागलं नाही तर बाण एकीकडे आणि आपला मेनू भलतीकडे.

नव्वदच्या दशकात सांगलीला डिप्लोमा करत असताना मी आयुष्यातला पहिला रॅपर, म्हणजे किचकट गोष्ट आत झाकणारा क्लास, लिहिला तो या इंटरप्टभोवती. प्रॅक्टिकलला ‘माउसचा क्लास लिहा’ असा प्रश्न ठरलेला असे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांनी आमच्यासारख्या पोरापोरींना डॉसच्या पोटात हात घालायचं धाडस दिलं होतं; त्यांचं मेमरीत ठाण मांडून बसणाऱ्या प्रोग्रॅमांवरचं पुस्तक तर हॉस्टेलवर पानं सुटेपर्यंत फिरलं. त्या धाडसावर आम्ही क्लास लिहायचो. दाखव, लपव, एक्स सांग, वाय सांग. रजिस्टर आत गेले, बाहेर चार सुटसुटीत फंक्शनं आली. सर खूश, आम्ही खूश.

पण त्याच इंटरप्टमध्ये बारा नंबरची एक सोय होती. सारखं सारखं विचारत बसण्यापेक्षा ड्रायव्हरला आपल्या फंक्शनचा पत्ता देऊन ठेवायचा आणि म्हणायचं, बटण दाबलं की तूच मला हाक मार. हाक यायची, पण रजिस्टरमध्ये बटण आणि जागा एवढंच असायचं. ही हाक कोणत्या ऑब्जेक्टसाठी, हे सांगायला त्यात जागाच नव्हती. सी++ मध्ये ऑब्जेक्टच्या फंक्शनला ‘मी कोण’ हे छुपेपणाने द्यावं लागतं. असेंब्लीत लिहिलेल्या ड्रायव्हरला त्याचं काय सोयरसुतक? म्हणून फंक्शन स्टॅटिक करायचं आणि ऑब्जेक्टचा पत्ता एका ग्लोबल पॉइंटरमध्ये ठेवायचा. म्हणजे नावाला क्लास, आणि ऑब्जेक्ट करायचा एकच; दुसरा केलात की पहिला बहिरा. पुढच्या काळात सी मधल्या लायब्रऱ्यांनी अशा हाकेच्या, म्हणजे कॉलबॅकच्या, शेवटी कोणताही पत्ता ठेवायला एक मोकळा रकाना द्यायला सुरुवात केली, आणि या एका रकान्याने रॅपर लिहिणाऱ्यांचा जेवढा त्रास वाचवला तेवढा बाकी कशानेच नाही.

जॉयस्टिकची कथा माउसपेक्षा जुनी आणि गमतीची. आयबीएमने १९८१ साली पीसीबरोबर जे गेम कार्ड आणलं, त्यात काठीची जागा मोजणारं उपकरण असं काही नव्हतंच. काठीखाली फिरणारा रोध, शून्यापासून एक लाख ओहमपर्यंत. प्रोग्रॅमने सोळाच्या पायावरच्या २०१ नंबरच्या पोर्टवर काहीही लिहायचं. चार बिट १ होत, आणि रोधातून कपॅसिटर भरला की एकेक करून ० होत. बिट ० व्हायला किती वेळ लागला ते प्रोग्रॅमने एक, दोन, तीन असं मोजत बसायचं. जितकी मोजणी मोठी, तितकी काठी लांब ढकललेली. ही मोजणी चालू असताना मध्येच दुसरा इंटरप्ट आला तर आकडा चुकणार, म्हणून तेवढ्यापुरते इंटरप्टच बंद ठेवायचे. आणि प्रोसेसर वेगवान झाला की तीच काठी जास्त आकडा द्यायची. जुने गेम सुरुवातीला ‘काठी कोपऱ्यात नेऊन बटण दाबा’ म्हणायचे, त्याच्या मुळाशी हे सगळं आहे. कार्ड बनवणाऱ्यांनी चार पैसे वाचवले आणि पुढची पंधरा वर्षं प्रत्येक गेम लिहिणाऱ्याने ते भरले.

लिनक्सने या काठीचं जे केलं ते मला फार आवडतं. मोजणी कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये गेली आणि बाहेर एक फाइल आली. फाइल वाचली की आठ बाइटची एक नोंद मिळते: चार बाइट वेळ, दोन बाइट किंमत, एक बाइट प्रकार, एक बाइट कोणतं बटण किंवा अक्ष. काही बदललं तरच नोंद येते. मग प्रोग्रॅम सुरू होण्याआधीपासून कुणी बटण दाबून धरलं असेल तर? त्यासाठी फाइल उघडल्या उघडल्या ड्रायव्हर सगळ्या बटणांच्या आणि अक्षांच्या खोट्या नोंदी पाठवतो, आणि त्या खोट्या आहेत हे कळावं म्हणून प्रकाराच्या बाइटमध्ये १२८ चा बिट लावतो. डॉसचा इंटरप्ट ३ टाकून विचारला की ‘आत्ता काय स्थिती आहे’ एवढंच सांगायचा, मधलं हुकलं तर हुकलं. ही फाइल ‘काय घडलं’ एवढंच सांगते, आणि आत्ताची स्थिती ज्याची त्याने जुळवायची. पासबुकातल्या नोंदी वेगळ्या आणि खात्यातली शिल्लक वेगळी, तसं हे. इनपुट हाताळणाऱ्या लायब्रऱ्यांचा पुढचा सगळा इतिहास मला तरी या दोन गोष्टींच्या ओढाताणीचा वाटतो.

ते ड्रायव्हर नव्याने लिहिणारा माणूस चेक. नाव व्होयत्येख पाव्लिक, पाठीशी सुझे कंपनी. यूएसबी आल्यावर कीबोर्ड, माउस, काठी असे तीन वेगळे संसार ठेवण्यात अर्थ उरला नव्हता, म्हणून १९९९ च्या सुमारास त्याने सगळ्यांसाठी एकच इनपुट व्यवस्था उभी केली. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलमध्ये ती मुख्यतः यूएसबीच्या उपकरणांसाठी होती. डिसेंबर २००३ च्या २.६ पासून जुने पीएस/२ कीबोर्ड आणि माउसही तिच्यात आले. तिचा बाहेरचा चेहरा म्हणजे ईव्हीडेव्ह. प्रत्येक उपकरणाला एक फाइल, आणि फाइलमधून येणारी प्रत्येक नोंद एकाच साच्याची: वेळ, प्रकार, क्रमांक, किंमत. ६४ बिटांच्या यंत्रावर चोवीस बाइट. कळ दाबली की किंमत १, सोडली की ०, दाबून धरली की २. नोंदींचा एक घास संपला की ‘सिन-रिपोर्ट’ नावाची रिकामी नोंद. बस. कीबोर्ड असो, टचस्क्रीन असो, लेथचं चाक असो, साचा हाच. वीस वर्षांहून जास्त काळ टिकलेल्या रचनेबद्दल तक्रार करायला जीव होत नाही.

क्रमांकांकडे मात्र जरा जवळून बघा. एस्केप कळ १. वरच्या ओळीतली १ ची कळ २. क्यू १६, ए ३०. हा क्रम १९८१ च्या आयबीएम कीबोर्डवरून जसाच्या तसा आलाय. त्यावर ८३ कळा होत्या आणि लिनक्सचे पहिले ८३ क्रमांक अजून त्याच कळांचे आहेत. आजचा यूएसबी कीबोर्ड तारेवरून ए साठी ४ पाठवतो, कर्नल तक्त्यात बघून त्याचे ३० करतो. इनस्क्रिप्टमध्ये टाइप करताना ‘क’ जिथे आहे ती के ची कळ कर्नलच्या लेखी ३७. क की के, याचा निर्णय कितीतरी वर, कळफलकाच्या मांडणीत होतो. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडोवाल्यांनी त्यात आणखी आठ मिळवून ४५ केले, कारण त्यांच्या नियमावलीत आठच्या खालचे आकडे राखीव होते. भारतात नोंदवलेल्या मालावरचा बारकोड ८९० ने सुरू होतो. यूएसबी स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणवतो, म्हणून त्याने ८९० वाचलं की ईव्हीडेव्हमधून येतात ९, १०, ११. नव्या मुलांना हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा ती स्कॅनर बिघडला म्हणून बदलायला निघतात.

साचा सोपा असला तरी त्यावर प्रोग्रॅम लिहिणं किचकट होतं. या उपकरणाला कोणत्या कळा आहेत असं विचारलं की उत्तर बिटांच्या गाठोड्यात येई, आणि गाठोडं सोडायचे मॅक्रो प्रत्येक जण दुसऱ्याच्या कोडमधून उचलून आपल्यात चिकटवी. एक्सचा ड्रायव्हर, टचपॅडचा ड्रायव्हर, वेस्टन नावाचा डिस्प्ले सर्व्हर, सगळीकडे तोच मजकूर, थोड्या थोड्या वेगळ्या चुकांसह. त्यात कर्नल प्रत्येक वाचकासाठी नोंदींची मर्यादित रांग ठेवतो, साध्या कीबोर्डसाठी ६४ नोंदींची. वाचक वेळेत आला नाही आणि रांग भरली, की नोंदी गेल्या. पूर्वी त्या गुपचूप जात. २०११ साली, २.६.३९ मध्ये, कर्नलने निदान कबुली द्यायला सुरुवात केली: रांग साफ करताना तो ‘सिन-ड्रॉप्ड’ अशी एक नोंद ठेवू लागला. तिचा अर्थ असा की मधलं हरवलंय, पुढच्या सिन-रिपोर्टपर्यंतचं सोडून द्या आणि आत्ताची स्थिती मला वेगळी विचारा.

कबुली आली, पण ती ऐकायची कुणी? ते काम पीटर हटररने अंगावर घेतलं. ऑस्ट्रेलियात राहून रेड हॅटसाठी एक्सचा इनपुट सांभाळणारा हा माणूस. २०१३ मध्ये त्याने लिबईव्हीडेव्ह आणली, २०१४ च्या सुरुवातीला तिची १.० आवृत्ती आली. ही सी मधली लहानशी लायब्ररी. ती बिटांची गाठोडी सोडते, उपकरणाची स्थिती स्वतःजवळ ठेवते, आणि सिन-ड्रॉप्ड आलं की कर्नलकडून ताजी स्थिती घेऊन आपल्या जवळच्या स्थितीशी ताडून पाहते. जो फरक असेल त्याच्या नोंदी स्वतः तयार करून देते. म्हणजे पासबुकाची पानं फाटली, तर बँकेतून शिल्लक विचारून मधे एक बेरजेची ओळ लिहून टाकायची. तिच्या वरच्या थरावर योनास ओडाल याने सुरू केलेली लिबइनपुट २०१४ मध्येच आली, पण ती बोटांचे इशारे वगैरे समजावून घेणारी. आमच्यासारख्या कारखान्याच्या पॅनेलवाल्यांचं काम लिबईव्हीडेव्हवर भागतं.

आता आमचा भाग, म्हणजे हिच्याभोवती सी++ चा क्लास. सी++ चं मूळ स्ट्राउस्ट्रपने बेल लॅब्समध्ये १९७९ साली सुरू केलेल्या ‘सी विथ क्लासेस’मध्ये आहे, पण असा रॅपर धडपणे लिहिता यायला २०११ चं प्रमाण यावं लागलं. त्याआधी ऑब्जेक्टची नकल अडवायची तर आडमार्गाने, आणि ऑब्जेक्ट एकाकडून दुसऱ्याकडे सोपवायची धड सोय नव्हती. नकल झाली की एकाच फाइलचे दोन मालक. दोघेही मरताना ती बंद करणार. आणि पहिल्याने बंद केल्यावर त्या फाइलचा नंबर मधल्या काळात तिसऱ्याच फाइलला मिळालेला असू शकतो, तेव्हा दुसरा मालक जाता जाता परक्याची फाइल बंद करून जातो. असली चूक शोधण्यात माणसाच्या आठवड्याचं वाटोळं होतं.

लिबईव्हीडेव्हमध्ये मालकीचा एक खास मुद्दा आहे. तिला उघडलेली फाइल आपण द्यायची. ती तिच्यावर काम करते, पण संपताना ती बंद करत नाही. तुमची फाइल, तुम्ही बघा. नियम स्वच्छ आहे. म्हणून क्लासमध्ये दोन वस्तू लागतात, फाइल सांभाळणारी एक आणि लायब्ररीचा हँडल सांभाळणारी दुसरी, आणि फाइल आधी जाहीर करायची. सी++ सदस्यांना उलट्या क्रमाने मोडतं, त्यामुळे हँडल आधी जातो, फाइल मागून. दोन्हींवर युनिक पॉइंटरसारखी एकट्याची मालकी. एवढं केलं की उपकरण कुठेही उघडा, मधेच एक्सेप्शन फेकलं गेलं तरी फाइल बंद होणारच. याचं महत्त्व ‘ग्रॅब’ वापरलात तर कळतं. स्कॅनरचे आकडे भलत्या खिडकीत उमटू नयेत म्हणून उपकरण एकट्याच्या ताब्यात घेता येतं. आपण तो स्वतः सोडला किंवा फाइल बंद झाली, तरच ताबा सुटतो. स्वतःच्याच कीबोर्डवर ग्रॅब लावून डीबगरमध्ये प्रोग्रॅम थांबवलेला माणूस ऑफिसात लगेच ओळखू येतो. पुढे चालव म्हणायला त्याच्याकडे कळच उरलेली नसते. शेजाऱ्याच्या मशीनवरून लॉगिन करून सोडवावं लागतं.

बाकीचं वरकाम आहे आणि त्यात फार रमू नये. प्रकार आणि क्रमांक यांना एनम क्लास, म्हणजे कळेच्या जागी अक्ष कुणी देऊ शकणार नाही. वेळेला क्रोनो, २०३८ च्या अडचणीपायी ३२ बिटांच्या यंत्रांवर वेळेच्या खान्यांची नावं बदलली तेव्हा ज्यांनी ती आधीच झाकली होती ते सुखी राहिले. ‘आत्ता काही नाही’ हे उत्तर लायब्ररी उणे आकड्यात देते. त्यावर एक्सेप्शन फेकणारे महाभाग मी पाहिलेत. काही नसणं ही इथे रोजची स्थिती आहे.

खरा प्रश्न सिन-ड्रॉप्डचं काय करायचं हा. सीएनसी मशीनच्या पॅनेलवर जॉगची बटणं असतात, दाबून धरली तोवर अक्ष सरकतो. (इमर्जन्सी स्टॉप कधीही लिनक्समधून नेत नाहीत, त्याची तार वेगळी. हे लिहून ठेवते, कारण कुणीतरी विचारतंच.) समजा जॉगचं बटण सोडल्याची नोंद रांगेतून हरवली. लिबईव्हीडेव्ह ताजी स्थिती विचारते, बटण सुटलेलं दिसतं, सोडल्याची नोंद बनवून देते, अक्ष थांबतो. इथे लायब्ररीवर सगळं सोडून द्यावं, रॅपरने तोंड उघडू नये.

भिवंडीच्या एका गोदामातलं प्रकरण याच्या नेमकं उलट होतं. तक्रार अशी की स्कॅन होतं, बीप वाजतो, पण अधूनमधून पडद्यावर ‘चुकीचा कोड’ येतो, आणि तेही संध्याकाळी गाड्या भरायच्या घाईत. स्कॅनर बदलून झाले, केबल बदलून झाल्या, लेबलं छापणाऱ्याला बोल लावून झाला. मी नोंदींची फाइल उघडून बसले. एका आकड्यामागे दाबल्याच्या तीन नोंदी येत होत्या: स्कॅनकोड, कळ, सिन-रिपोर्ट. सोडल्याच्या तीन. तेरा आकडे आणि शेवटी एंटर, म्हणजे चौदा कळा, चौऱ्याऐंशी नोंदी. कर्नलची रांग चौसष्टची. प्रोग्रॅम वाचायचं आणि सर्व्हरवर नोंद टाकायचं काम एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये) करत होता. संध्याकाळी सर्व्हर जरा रेंगाळला, की तेवढ्यात पुढचा खोका स्कॅन होऊन रांग भरून वाहायची आणि कोडचे सुरुवातीचे आकडे जायचे.

त्यातला रॅपर दिसायला देखणा होता. फॉरची एक ओळ, आत इव्हेंट. सिन-ड्रॉप्ड आलं की तो आतल्या आत लायब्ररीला ताळमेळ घालायला लावायचा आणि जणू काही झालंच नाही असा पुढे जायचा. लायब्ररीने ताळमेळ प्रामाणिकपणे घातला होता. हरवण्याआधी सगळ्या कळा सुटलेल्या, नंतरही सगळ्या सुटलेल्या. फरक शून्य, म्हणून नोंदी शून्य. शिल्लक बरोबर होती आणि आम्हाला तर नोंदी हव्या होत्या. स्कॅनरच्या बाबतीत कळांच्या स्थितीला काडीचा अर्थ नाही, त्या कोणत्या क्रमाने दाबल्या गेल्या एवढंच महत्त्वाचं. ते हरवलं तर कर्नलसुद्धा परत देऊ शकत नाही, कारण त्याने ते ठेवलेलंच नसतं.

वाचण्यासाठी वेगळा धागा केला, तो दुसरं काहीही करत नाही. रांग भरायचं जवळपास थांबलं. पण रॅपरही बदलला. वाचण्याचं फंक्शन आता इव्हेंट तरी देतं, नाही तर ‘हरवलं’ या वेगळ्या प्रकाराची वस्तू. सी++१७ मधला व्हेरियंट ‘व्हिजिट’ने उघडला, की दोन्ही शक्यता हाताळल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. टीममधल्या मुलाने हरकत घेतली की ही गुंतागुंत लायब्ररीनेच पोटात घ्यायला हवी, ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणायचं ते कशाला? मी त्याला जॉगचं बटण आणि स्कॅनर शेजारी शेजारी जोडून दिले. दोन्ही एकाच क्लासमधून वाचले जातात. जॉगवाला प्रोग्रॅम ‘हरवलं’ आलं की ताळमेळाची फेरी मागतो. स्कॅनरवाला जमलेले आकडे फेकतो, पुढच्या एंटरपर्यंत येईल ते सोडून देतो आणि ‘पुन्हा स्कॅन करा’ असं मराठीत लिहून लांब बीप देतो. क्लासची हेडर फाइल दोघांची एकच. फरक आहे तो वापरणाऱ्याच्या बाजूला, चार-पाच ओळींत.